फाईल दिल्लीत, सासूबाई रामबागेत

पत्र (लांब होतं, थोडं आटोपतं घेतलं आहे) :

'काका, सा. न. वि. वि. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या. तंबाखू-विडीचा कधी संबंध नाही, तरी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. जनुकांच्या तपासणीनंतर रोजची एक गोळी सुरू झाली आणि त्या इतक्या सावरल्या की गेल्या गणपतीत मोदक त्यांनीच वळले. आता त्या गोळीचा असर संपला, असं परळच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं. पुढची गोळी अमेरिकेत मंजूर आहे, आपल्याकडे नाही. "प्रोसेसमध्ये आहे", एवढंच कळतं. माझे दीर न्यू जर्सीला असतात. ते घरच्या ग्रुपवर रोज सरकारचा उद्धार करतात आणि म्हणतात, मी येताना बॅगेतून आणतो. ह्यांच्या ओळखीतला दवाबाजारातला एक जण ढाक्याची तीच गोळी दहाव्या हिश्श्यात देतोय, पण बिल मिळणार नाही. डॉक्टरांनी मुंबईतली एक ट्रायलही सुचवली, त्यावर सासरे भडकले : "एमवाय हॉस्पिटलमध्ये काय झालं होतं विसरलात? माझ्या बायकोला उंदीर करायचं नाही." ह्यांनी सुपर कॉरिडॉरजवळचा प्लॉट विकायचं मनात घेतलंय. सासूबाईंना यातलं काहीच सांगितलेलं नाही. सरकारला माणसाच्या जिवाची किंमत नाही का? आणि आम्ही नेमकं काय करायचं? — सौ. अ., रामबाग, इंदूर'

सौ. अ.,

आधी दवाबाजाराचं बघू, कारण ते पैसे तुम्ही या आठवड्यातच देऊन मोकळे व्हाल अशी मला धास्ती आहे. देऊ नका.

ढाक्याच्या कारखान्यांवर माझा राग नाही. अल्पविकसित देशांना औषधांच्या पेटंटमधून जी सूट मिळते, तिच्या आधारे तिथे अशा गोळ्या राजरोस बनतात आणि त्यातल्या पुष्कळ चांगल्याही असतात. दवाबाजारातही बहुतेक दुकानं पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने चाललेली आहेत. प्रश्न त्या एका पाकिटाचा आहे. ते खरोखर त्या कारखान्यातून निघालं, वाटेत चाळीस डिग्रीच्या गोदामात पडून राहिलं नाही, मधे कोणी ते उघडलं नाही, हे सांगणारा एकही कागद तुमच्याकडे नसेल. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनांच्या वापरून झालेल्या कुप्या रुग्णालयांतून गोळा करायच्या, त्यांत बुरशीवरचं स्वस्त औषध भरायचं आणि पुन्हा विकायच्या, असा त्यांचा धंदा होता. कुपी अस्सल, लेबल अस्सल, आत भलतंच. पकडलेल्यांत रुग्णालयांत काम करणारेही होते.

यात पैसे बुडण्यापेक्षा मोठा एक तोटा आहे, तो कोणाच्या लक्षात येत नाही. खोट्या गोळीने गुण आला नाही की डॉक्टर नोंद करतील : औषध लागू पडलं नाही. मग उद्या खरी गोळी मिळाली तरी ती कोण देणार? आणि बिल नसलेली गोळी तुम्ही डॉक्टरांपासून लपवलीत, तर यकृताच्या तपासणीत काही बिघडलं तेव्हा ते भलतीकडेच कारण शोधत बसतील. तेव्हा नाही म्हणजे नाही.

आता दिरांची बॅग. औषध नियम १९४५ मधला ३६ वा नियम प्रवाशाला मंजुरी नसलेलं औषधसुद्धा सामानातून आणू देतो, पण ते त्याच्या स्वतःच्या वापरासाठी असलं पाहिजे आणि एका औषधाचे शंभरापेक्षा जास्त डोस नसावेत. तुमचे दीर ठणठणीत आहेत. आईसाठी आणलेली गोळी त्या सवलतीत बसत नाही. विमानतळावर बहुतेक वेळा कोणी विचारत नाही, हे मलाही माहीत आहे. पण एकदा विचारलं आणि पाकीट तिथेच अडकलं, तर तो महिना सासूबाईंचा जाईल, कस्टमवाल्याचा नाही.

आणि त्याच नियमाच्या पोटात, दोन ओळी खाली, तुमच्यासाठी दार ठेवलेलं आहे. सामानातून न येणारं औषध एका रुग्णाच्या नावाने मागवायचं असेल तर फॉर्म १२-ए मध्ये अर्ज करायचा. दिल्लीच्या औषध नियंत्रकाच्या कार्यालयाची, म्हणजे सीडीएससीओची खात्री पटली की फॉर्म १२-बी मध्ये परवानगी मिळते. मग ते औषध कुरियरने येऊ दे नाहीतर दिरांच्या बॅगेतून, त्याच्यासोबत तो कागद असतो. इथे शंभर डोसांची अट नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीत बसेल आणि वाजवी वाटेल इतकं मागता येतं.

अर्ज ऑनलाइन होतो. त्याला काय लागतं ते सांगतो, कारण बहुतेक अर्ज इथेच अडतात. डॉक्टरांची चिठ्ठी हवी. तिच्यावर औषधाचं शास्त्रीय नाव, ताकद, रोज किती, किती महिन्यांसाठी आणि एकूण किती गोळ्या हे सगळं हवं. 'अ‍ॅज अ‍ॅडव्हाइज्ड' असं लिहिलेली चिठ्ठी परत येते. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक शिक्क्यात वाचता आला पाहिजे. आजाराचा एक पानी गोषवारा हवा : निदान, जनुक तपासणीचा निकाल, आधीची गोळी कधी सुरू झाली आणि कधी थांबली, आणि इथे मिळणारं दुसरं औषध का चालणार नाही. रुग्णाचं ओळखपत्र हवं आणि त्यावरचं नाव चिठ्ठीवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं. आपल्या मराठी घरांत इथेच घोळ होतो. आधारवर वडिलांचं नाव, रुग्णालयाच्या केसपेपरवर नवऱ्याचं, आणि इंदूरच्या पॅथॉलॉजीने तिसरंच काहीतरी 'बाई' लावून छापलेलं. आजच सगळे कागद टेबलावर मांडून ही नावं जुळवा. कागद पुरे असतील तर ही परवानगी दिवसांत मोजायची गोष्ट आहे, वर्षांत नाही.

परळचे तुमचे डॉक्टर सरकारी संस्थेतले असतील तर आणखी एक वाट आहे. २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांनुसार सरकारी रुग्णालयाला, औषध मूळ देशात मंजूर असेल तर, आपल्या गंभीर रुग्णांसाठी ते स्वतःच्या नावाने मागवता येतं. त्याचा अर्ज फॉर्म सीटी-२४. डॉक्टरांना फॉर्मचा नंबर सांगून विचारा. नंबर सांगितला की उत्तर लवकर मिळतं, असा माझा अनुभव आहे.

म्हणजे ज्या रांगेकडे बघत तुम्ही सगळे संतापताय, त्या रांगेत तुम्ही उभेच नाही. ती रांग आहे कंपनीची, साऱ्या देशात औषध विकण्याच्या परवानगीची. एका माणसासाठी ते आणायला तिचा नंबर लागायची वाट पाहावी लागत नाही. हे सांगायला कोणी भेटत नाही, कारण डॉक्टरांना वेळ नसतो आणि एजंटाला त्यात काही सुटत नाही.

प्लॉट इतक्यात विकू नका. आधी डॉक्टरांकरवी कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला पत्र जाऊ द्या. अनेक मोठ्या कंपन्या, औषध एखाद्या देशात यायच्या आधी, ज्यांना दुसरा उपाय उरलेला नाही अशा रुग्णांना ते 'कम्पॅशनेट यूज'खाली फुकट देतात. कायद्याने त्या बांधलेल्या नाहीत. नाही म्हणू शकतात. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि मागायचं असतं डॉक्टरांनी, घरच्यांनी नाही. कंपनी नाही म्हणाली तर मग किमतीकडे वळा, आणि तेव्हा कस्टमची यादी बघा. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कॅन्सरच्या तीन औषधांवरचं सीमाशुल्क माफ झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी ३६ जीवरक्षक औषधांवरचं. तुमची गोळी यादीत असेल तर मोठी रक्कम वाचते. दुर्मिळ आजारांसाठी वेगळी सवलत आहे, एप्रिल २०२३ पासूनची. ती तुम्हाला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला तरी लागू असेल म्हणून लिहून ठेवतो. विमा कंपनीलाही आधीच लेखी विचारा. बाहेरून मागवलेल्या औषधाचं बिल त्या पुष्कळदा नाकारतात.

आणि प्लॉटच्या आधी डॉक्टरांना आणखी एक विचारायचं, ते विचारायला माणसं कचरतात. या गोळीने शंभरात किती जणांचा आजार आवरतो, आणि सरासरी किती महिने? 'अमेरिकेत मंजूर' एवढ्यावर मी घर-जमीन विकू देणार नाही. मोटर न्यूरॉनच्या आजारावरचं एक औषध तिथे सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं. रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी जिवाचा आटापिटा करून त्या मंजुरीसाठी जोर लावला होता. पुढच्या मोठ्या चाचणीत ते फोल ठरलं आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने स्वतःच ते बाजारातून काढून घेतलं. त्या दीड वर्षात ज्यांनी घरं गहाण टाकली असतील, त्यांना कोण भरून देणार? तुमची गोळी त्या जातीची आहे असं मी म्हणत नाही. आकडे विचारा, एवढंच.

तुमच्या सासऱ्यांविषयी. त्यांच्यावर चिडू नका. इंदूरच्या माणसाने ट्रायल म्हटल्यावर दचकावं असं इथे घडलेलं आहे. २०१० च्या सुमारास एमवाय आणि मेडिकल कॉलेजातल्या औषध-चाचण्यांचं प्रकरण विधानसभेत गाजलं. आपण कशात आहोत हे ठाऊकच नसलेले रुग्ण, इंग्रजीत छापलेल्या कागदावर उठवलेले अंगठे, अशा तक्रारी होत्या. मानसिक रुग्णांवरच्या ट्रायल्सच्या प्रकरणात १२ डॉक्टरांना दंड झाला. प्रत्येकी ५ हजार रुपये. तेवढ्यात आज सराफ्यातून चांदीचं निरांजनसुद्धा धड येत नाही. मग २०१२ मध्ये इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, न्यायालयाने केंद्र सरकारला फैलावर घेतलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये नवे नियम आले : ट्रायलमुळे इजा झाली तर फुकट उपचार, इजा किंवा मृत्यू झाला तर भरपाई. त्याच वर्षाच्या शेवटी संमती घेताना ध्वनिचित्रण करण्याचा नियम आला. पुढे तो काही प्रकारच्या ट्रायल्सपुरता राहिला.

म्हणजे आज देशात कुठल्याही ट्रायलला जाणाऱ्या रुग्णाच्या हातात जे हक्क आहेत, त्यांतल्या बऱ्याच हक्कांमागे आपलं गाव आहे. सासऱ्यांना हे सांगा. आणि हेही खरं की त्या नियमांनंतर पहिली एक-दोन वर्षं ट्रायल्सच्या परवानग्या इतक्या आखडल्या की परदेशी संस्थांनी इथलं काम आवरतं घेतलं, आणि ज्यांना ट्रायल हाच उपाय उरला होता असे रुग्ण अडकले. एकाला वाचवणारा नियम दुसऱ्याला थांबवतो. मी परवान्यांच्या कामात होतो म्हणून हे मला दोन्ही बाजूंनी दिसलं, आणि त्या दोघांत निवड करायची वेळ माझ्यावर आली नाही, हे माझं नशीब.

ट्रायलला हो म्हणायच्या आधी विचारायचं ते असं. तिचा सीटीआरआय क्रमांक काय? २००९ पासून प्रत्येक ट्रायलची त्या सरकारी नोंदवहीत नोंद लागते आणि ती कोणालाही उघडून वाचता येते. क्रमांक सांगता येत नसेल तर उठून या. सगळ्यांना नवी गोळी मिळणार, की चिठ्ठी टाकल्यासारखं निम्म्यांना नेहमीची केमो? हे नीट समजून घ्या. बहुतेक घरी नंतरचा मनस्ताप यातूनच होतो. ट्रायल संपल्यावर गोळी गुण देत असेल तर पुढे मिळणार का? जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार? माहितीपत्रक मराठीत मागा, घरी आणून दोन दिवस ठेवा, सासऱ्यांना चष्मा लावून वाचू द्या. त्यावर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या, सदस्य सचिवाचा फोन नंबर असतो. तो खरा लागतो का बघा. आणि मधेच केव्हाही बाहेर पडता येतं, उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये. ट्रायल या अटींत बसत असेल, तर मला विचाराल तर मी ती बॅगेच्या आणि ढाक्याच्या कितीतरी वर धरीन : औषध खरं, तपासण्या फुकट, डॉक्टरांचं लक्ष चोख. अवंतिका एक्सप्रेसच्या चकरा होतील. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरच्या रुग्णांची आणि त्यांच्या माणसांची सोय होते.

आता तुमचा मोठा प्रश्न : सरकारला जिवाची किंमत नाही का?

दिरांचा राग मला पटतो. फक्त तो अर्धा चुकीच्या पत्त्यावर जातोय. 'सरकारने अडवून ठेवलंय' या एका वाक्यात चार निरनिराळे विलंब असतात. पहिला, कंपनी भारतात अर्जच करत नाही. इथे किंमत कमी ठेवावी लागेल, रुग्ण थोडे, पेटंटाचं भांडण होईल, म्हणून वर्षानुवर्षं हलत नाही. दुसरा, अर्ज केल्यावर तो विषय तज्ज्ञ समितीपुढे जातो. समिती प्रश्न काढते, इथल्या रुग्णांवरची चाचणी मागते. तिसरा, मंजुरीनंतर आयातीची नोंदणी, परवाना. चौथा, बाजारात येऊनही तुमच्या रुग्णालयाच्या फार्मसीत न येणं. स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर झालं, भारतात मिळू लागायला जानेवारी २०२४ उजाडला. त्या चार वर्षांतले कंपनीचे महिने किती आणि सरकारचे किती, याचा हिशेब कुठेही छापलेला नसतो. माझी खरी तक्रार तीच आहे. वेळ लागतो याला कारण असू शकतं. तो कोणापाशी लागला हे रुग्णाला कळू न देण्याला कारण नाही.

पीथमपूरच्या ज्या कारखान्यात मी होतो, तिथे दिल्लीहून शंकांचं पत्र आलं की वरचे लोक सगळ्यांना सांगायचे, 'सरकारी काम आहे, बसलेत.' पत्राचं उत्तर आमच्याच विभागात तयार असायचं, स्पायरल बाइंडिंग करून, आणि कपाटावर पडून असायचं, कारण मार्केटिंगवाल्यांचं किमतीवर एकमत झालेलं नसायचं. बाहेरच्या डॉक्टरांना जे उत्तर जायचं ते तुम्हाला मिळालं तेच : प्रोसेसमध्ये आहे.

तुम्ही हे स्वतः थोडं तपासू शकता. त्या तज्ज्ञ समित्यांच्या बैठकांचं इतिवृत्त सीडीएससीओच्या संकेतस्थळावर असतं. कॅन्सरच्या समितीचं काढा आणि औषधाचं शास्त्रीय नाव शोधा. एकेका औषधाला चार-पाच ओळी असतात : कंपनीने प्रस्ताव मांडला, सविस्तर चर्चेनंतर समितीने मंजुरीची शिफारस केली, किंवा अमुक माहिती मागितली. काही ठिकाणी असंही लिहिलेलं सापडतं की कंपनी सादरीकरणाला हजरच राहिली नाही. नावच सापडलं नाही तर बहुधा अर्जच झालेला नाही, किंवा झाला असला तर तो समितीपर्यंत पोचलेला नाही. मग १० रुपये भरून माहिती अधिकारात विचारा. जिवाशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी, असं त्या कायद्यात आहे. तुमचा अर्ज त्यात बसत नाही असं ते म्हणू शकतात, तरी तीस दिवसांत उत्तर देणं भाग आहे.

आणि कंपनीने 'इथे ट्रायल मागतात हो' असं सांगितलं, तर त्यांना ७ ऑगस्ट २०२४ च्या आदेशाची आठवण द्या. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघात मंजूर झालेलं औषध दुर्मिळ आजाराचं असेल, जनुक-पेशी उपचाराचं असेल, किंवा सध्याच्या उपचारापेक्षा लक्षणीय सरस असेल, तर इथली चाचणी माफ होऊ शकते. नव्या औषधाच्या अर्जाचा निकाल ९० कामकाजाच्या दिवसांत लावावा, असं २०१९ च्या नियमांत आहेच. दार पूर्वीपेक्षा रुंद झालंय. आत यायचं की नाही, हे कंपनीने ठरवायचं.

सरकारला मी सोडत नाही. क्षयरोगावरचं बेडाक्विलिन अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मंजूर झालं. जगात क्षयाचे सर्वांत जास्त रुग्ण आपल्याकडे. इथे २०१५ मध्ये मंजुरी आली, आणि २०१६ मध्ये ते सरकारी कार्यक्रमातून मोजक्या सहा केंद्रांवर मिळू लागलं. औषध बेताने वापरलं नाही तर जंतू त्यालाही दाद देईनासे होतील, ही भीती खोटी नव्हती. पण पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला दिल्लीतल्या केंद्राने, ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून, ते नाकारलं. तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये तिला औषध देण्याचं ठरलं. तोवर फुफ्फुसांची चाळण झाली होती. पुढच्या वर्षी ती गेली. औषध देशात होतं, मंजूर होतं, आणि मधे उभा होता रहिवासाचा दाखला. याला खबरदारी म्हणत नाहीत.

तरीही दिरांचं 'सगळी तपासणी बंद करा, अमेरिकेने बघितलंय ना' हे मला मान्य नाही. संसदेच्या स्थायी समितीने मे २०१२ मध्ये सीडीएससीओचे वाभाडे काढले, ते उशिराबद्दल नव्हते. २००८ ते २०१० या काळात तीसेक नवी औषधं भारतीय रुग्णांवर चाचणी न करताच मंजूर केली, हा ठपका होता. त्याच अहवालात हेही होतं की वर्षाला सुमारे २० हजार अर्ज येतात आणि मुख्यालयात ते बघायला नऊ वरिष्ठ अधिकारी आहेत. शिवाय संसदेतले प्रश्न आणि कोर्टकचेऱ्या त्यांच्याच माथी. नऊ माणसं २० हजार अर्ज बघतात तेव्हा काही फायली वर्षभर पडून राहतात आणि काही न वाचता सही होऊन जातात. दिरंगाई आणि बेफिकिरी या दोन वेगळ्या व्याधी नाहीत. त्यानंतर माणसं वाढली, पण २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच राज्यात छिंदवाड्याला वीसहून जास्त लहान मुलं खोकल्याच्या औषधाने गेली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. ते नवं औषध नव्हतं, त्याला मंजुरीची अडचण नव्हती. कारखान्यात जाऊन बघणारा माणूस नव्हता. वैद्यकीय उपकरणांची तऱ्हा तशीच : कितीतरी वर्षं त्यांतल्या बहुतेकांना मंजुरीच लागत नसे, आणि २०१० मध्ये जगभरातून परत घेतलेल्या खुब्याच्या सदोष कृत्रिम सांध्याच्या भरपाईचं सूत्र इथल्या रुग्णांसाठी ठरायला २०१८ साल लागलं. हृदयाच्या झडपा, स्टेंट यांसारख्या जोखमीच्या उपकरणांची नावनिशीवार यादी आधीपासून होती. पण जोखमीच्या झाडून सगळ्या उपकरणांना परवाना सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर २०२३ पासून.

उरल्या सासूबाई. तुम्ही त्यांच्यापासून लपवताय, ते प्रेमापोटी, हे समजतं. पण आता ते जमणार नाही. १२-ए चा अर्ज त्यांच्या नावाचा आहे. ट्रायलच्या संमतीवर सही त्यांची लागते, नवऱ्याची किंवा मुलाची नाही. कम्पॅशनेट यूजच्या कागदावरही त्यांचीच. ज्या बाईने एवढी केमिस्टची पाकिटं रिकामी केली, तिला गोळी बदलायची वेळ आली हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. आणि कदाचित त्यांना मुंबईच्या चकरा नको असतील, कदाचित हव्या असतील. घरात चौघं जण चार वाटा घेऊन भांडताय आणि जिला चालायचंय तिला कोणी विचारलेलं नाही. सासऱ्यांना शेजारी बसवा आणि तुम्हीच सांगा. मुलगा सांगायला गेला तर रडेल, आणि मग त्याही त्यालाच धीर देत बसतील. गोळी आहे, ती मागवायची एक सरळ वाट आहे, आणि तिला तुमची सही लागते, इतकं सांगितलं तरी सुरुवात होते.

दिरांना काम द्या. त्यांनी ग्रुपवर लिहिणं थांबवून कंपनीच्या अमेरिकेतल्या मेडिकल इन्फर्मेशनच्या नंबरवर फोन करायचा आणि दोन गोष्टी लेखी मिळवायच्या : भारतातल्या रुग्णासाठी काही कार्यक्रम आहे का, आणि असल्यास डॉक्टरांनी कोणाला लिहायचं. अमेरिकेतला केमिस्ट परळच्या चिठ्ठीवर गोळी देणार नाही, हेही त्यांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर तिकीट काढून बसतील. तुमच्याकडे चिठ्ठी, गोषवारा आणि नाव जुळलेलं ओळखपत्र तयार झालं की मला कळवा. पोर्टलवर कुठली फाईल कुठे चढवायची ते मी फोनवर सांगेन.